काकींनी वाढलेलं ताट

कोल्हापुरात पैलवानाची ओळख करून देताना त्यानं कुणाला चितपट केलं हे नंतर येतं, आधी येतो त्याचा खुराक. अमका म्हशीच्या कासेखाली बसून तांब्याच्या तांब्या रिचवायचा, तमक्याच्या थंडाईचे बदाम वाटायला दोन पोरं लागायची. आकडे दर सांगण्यागणिक वाढतात आणि ऐकणारा त्यात आपली भर घालून पुढं सांगतो. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झालं, श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, हे इथल्या पोराला शाळेआधी तालमीच्या कट्ट्यावर कळतं. त्याच कट्ट्यावर त्याला दूध, तूप, खसखस आणि मटणाचा महिमाही कळतो. माझे थोरले चुलते, आमचे तात्या, या कट्ट्यावर वाढलेले. त्यांच्या वस्तादाचं एक वाक्य ते आम्हा पोरांना उठता-बसता ऐकवायचे: 'जोर-बैठका कितीबी काढ, खुराक तुटला की अंग उतरलंच.'

तात्या काही मोठे पैलवान नव्हते. सत्तरच्या दशकात गावोगावच्या जत्रांत नारळाच्या आणि बिदागीच्या कुस्त्या केल्या, खासबागेत दोनचारदा उतरले, मग लग्न झालं, बाजारपेठेत दिवाणजीची नोकरी लागली आणि लांग खुंटीला गेली. खुराक मात्र खुंटीला गेला नाही. रविवारी सकाळी तात्या स्वतः मटणाला जायचे. दुकानात उभं राहून मांडीचं किती, चापाचं किती, नळ्या किती, हे ते खाटकाला बोटानं दाखवायचे. घरी काकींनी आधीच खोबरं भाजायला घेतलेलं असायचं. मटण हळद-मिठात शिजलं की वरचं अळणी पाणी प्रथम घरातल्या लहान पोरांना वाटीतून मिळायचं. मग त्याच पाण्याचा एक भाग कांदा-लसूण चटणी घालून तांबडा व्हायचा, दुसरा नारळाच्या दुधात पांढरा. तात्या पाटावर बसले की काकी त्यांच्या समोर उभ्या राहायच्या, आणि पहिल्या घोटानंतर तात्यांनी मान हलवल्याशिवाय दुसऱ्या कुणाला वाढत नसत. नवरा-बायकोंत यापलीकडे प्रेमाचं काही बोलणं झालेलं आम्ही ऐकलं नाही.

आषाढात तर विचारायला नको. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतून पी ढबाकच्या वाजपात घागरी निघायच्या, टेंबलाईच्या पायरीवर ते पाणी ओतायचं आणि मग गल्लीचं जेवण. तात्यांचा मान चुलवणावर. मटणात पळी फिरवताना त्यांचे दंड अंगरख्यातून दिसायचे. साठीतही ते दंड शाबूत होते.

या माणसानं उभ्या जन्मात दारूला स्पर्श केला नाही. हे सांगावं लागतं, कारण यकृताचा आजार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पीत होते काय?' विचारणारा आवाज खाली आणतो आणि आपलं उत्तर ऐकूनही त्याचा विश्वास बसत नाही. तात्यांना हा आजार दिला तो उपचारानं. १९८६ मध्ये ट्रकच्या अपघातात त्यांची मांडी मोडली, शस्त्रक्रिया झाली, रक्ताच्या बाटल्या चढल्या. त्या रक्तानं त्यांचा जीव वाचला. त्याच रक्तातून एक विषाणू आला, ज्याला तेव्हा नावही नव्हतं. कावीळ होते आहे, पण ती ए नाही आणि बी नाही, इतकंच डॉक्टरांना ठाऊक होतं. हेपेटायटिस सी हे नाव १९८९ मध्ये आलं, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांना त्याची तपासणी सक्तीची व्हायला २००१ साल उजाडलं. हा विषाणू शोधणाऱ्या तिघांना २०२० मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा तात्या नव्हते.

तो विषाणू त्यांच्या यकृतात तीस वर्षं शांत बसून होता. दुखत नाही, खुपत नाही. यकृत हा अवयवच तक्रार न करणारा. आतल्या आत पेशी मरतात, त्या जागी वण धरतो, वणांची जाळी होते आणि मऊ अवयव दगडासारखा होत जातो. तात्यांना एके दिवशी काळी शौचाला झाली, दुर्बीण घातली, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी कड्या बसवल्या आणि निदान झालं: सिरोसिस. नशिबाची गोष्ट म्हणजे तोवर सोफोसबुविर ही गोळी भारतात आली होती. अमेरिकेत एका गोळीला हजार डॉलर पडत होते, ते औषध २०१५ पासून इथल्या कंपन्या कितीतरी कमी किमतीत बनवू लागल्या. तात्यांनी ती घेतली आणि विषाणू गेला. आम्ही पेढे वाटले. पण विषाणू गेला तरी वण तिथंच होते.

२०१८ च्या उन्हाळ्यात त्यांचं वजन वाढायला लागलं. घरातल्यांना बरंच वाटलं. तालमीतला एक जुना जोडीदार पाठीवर थाप मारून म्हणाला, 'पैलवान, परत अंग धरलंत की.' ते अंग नव्हतं, पोटात भरलेलं पाणी होतं. एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो. काटा वर जात होता आणि त्याच वेळी दंड, मांड्या, कानशिलं आत चालली होती. पाणी काढलं, काढलेल्या पाण्याच्या प्रमाणात शिरेतून अल्ब्युमिन दिलं, आणि तात्या रिकाम्या पोटानं काट्यावर उभे राहिले तेव्हा आकडा पाहून काकींनी तोंडावर पदर धरला. खरं वजन ते होतं, साठ किलो. खासबागेत उतरताना ते ऐंशीच्या वर असायचे.

त्या वेळी एका दवाखान्यातून आम्हाला पथ्याचा कागद मिळाला. छापील, झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला. मटण बंद, अंडी बंद, मासे बंद, डाळी बंद, दूध कमी, तेल-तूप बंद, मीठ बंद. खाली 'पेज, फळांचा रस, उकडलेल्या भाज्या' असं लिहिलेलं. हा कागद माझ्या चुलतभावानं खिशात घालून आणला आणि काकींपुढं वाचून दाखवला. काकींनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं, 'मग ह्यास्नी वाढू तरी काय?' कुणाकडंच उत्तर नव्हतं.

पुढचे काही महिने आमच्या घरातल्या स्वयंपाकघरानं माणूस गमावण्याची तालीम केली. रविवारी मटण आणायचं बंद झालं. मग पोरांसाठी म्हणून आणायचं ठरलं, पण वास येऊ नये म्हणून ते मागच्या पडवीत शिजवायचं. तात्या पुढच्या सोप्यात पेजेची वाटी घेऊन बसायचे. वास पुढं यायचाच. ते काही बोलत नसत, फक्त वाटी खाली ठेवून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. लग्नाकार्याची आमंत्रणं टाळू लागले, कारण पंगतीत बसलं की कुणीतरी आग्रह करणार आणि कुणीतरी अडवणार, दोन्ही तितकंच अवघड. आजारी माणूस आधी पंगतीतून उठतो, मग घरातून, हे मला तेव्हा कळलं. हातापायांच्या काड्या झाल्या. एकदा उठताना माझ्या खांद्याला धरून म्हणाले, 'वस्ताद सांगत होता ते खोटं न्हवतं लेका. खुराक तुटला.' मी त्यांना समजावत राहिलो की हे आजारामुळं आहे. आजार होताच, पण वस्तादही बरोबर होता.

मांसाहाराची आणि यकृताची ही भीती आली कुठून, हे मी पुढं वाचलं. तिचं मूळ रशियात आहे. १८७७ मध्ये निकोलाय एक या सर्जननं कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली: आतड्यांतलं रक्त यकृताकडं नेणारी मोठी शीर त्यानं यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडं जाणाऱ्या महाशिरेला जोडली. पुढं सेंट पीटर्सबर्गला पाव्हलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्यांचा अभ्यास १८९३ च्या सुमारास प्रसिद्ध केला. घंटा आणि लाळेच्या प्रयोगांमुळं आपल्याला माहीत असलेले तेच हे पाव्हलोव्ह. या कुत्र्यांना मांस घातलं की ती झोकांड्या खायची, गुंगायची, भानावर नसायची. काहींनी तर आपण होऊन मांस खाणं सोडलं. कारण पुढं उलगडलं. प्रथिनं पचताना आतड्यात अमोनिया तयार होतो, निरोगी यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर घालवतं. यकृतानं हे काम सोडलं की अमोनिया मेंदूपर्यंत जातो. माणसाचं दिवसा झोपणं आणि रात्री जागणं सुरू होतं, अक्षर बिघडतं, पसरलेले हात पंख फडफडावेत तसे हलतात, शेवटी शुद्ध हरपते.

एवढं कळल्यावर डॉक्टरांनी सरळ उपाय काढला: प्रथिनं तोडा. कित्येक दशकं जगभर तेच चाललं. पण कुत्र्यांच्या शिरा कापून जोडलेल्या होत्या, माणसाचा आजार वर्षानुवर्षांचा असतो, आणि यात एक हिशेब राहून गेला होता. अमोनिया निकामी करणारा दुसरा अवयव म्हणजे आपले स्नायू. यकृत थकलं की हे काम दंड-मांड्यांवर येतं. प्रथिनं तोडली की शरीर तेच स्नायू मोडून खातं, आणि अमोनियाविरुद्धचा उरलेला पहारेकरीही जातो. २००४ मध्ये बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी गुंगी आलेल्या सिरोसिसच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची प्रथिनं तोडून हळूहळू वाढवली, दुसऱ्याला पहिल्यापासून पुरेशी दिली. गुंगी उतरण्यात फरक पडला नाही. प्रथिनं तोडलेल्यांचं अंग मात्र जास्त झिजलं. आता जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा रुग्णाला कोरड्या वजनाच्या दर किलोमागं रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळालीच पाहिजेत. आमच्या हातातला कागद त्या नव्या माहितीपर्यंत पोचलेलाच नव्हता.

हे आम्हाला पुण्यातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं. तात्यांचा दंड त्यांनी अंगठा आणि बोटात धरून पाहिला आणि विचारलं, 'हे उपाशी का आहेत?' भावानं कागद काढून दिला. डॉक्टरांनी तो वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि विचारलं, 'घरी स्वयंपाक कोण करतं?' काकी कोल्हापुरात होत्या. पुढच्या खेपेला त्यांना घेऊन या, म्हणाले.

पुढच्या खेपेला काकी गेल्या. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बाई बराच वेळ त्यांच्याशीच बोलले. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात, शंभर ग्रॅम मटणात साधारण वीस. काकींचं शिक्षण सातवी, पण आयुष्यभर वीस माणसांचा स्वयंपाक अंदाजानं केलेल्या बाईला हा हिशेब अवघड नव्हता. त्यांनी स्वतःच विचारलं, 'मटण चालंल?' उत्तर मिळालं ते असं: मटणावर बंदी नाही, पण मटणावर भिस्तही नको. डाळी, कडधान्यं, दही, ताक, पनीर यांची प्रथिनं अशा रुग्णाला जास्त मानवतात. डाळी-कडधान्यांतल्या चोथ्यानं पोटही साफ राहतं, आणि या आजारात पोट साफ राहणं हे निम्मं औषध. बद्धकोष्ठ झालं की अमोनिया वाढतो, म्हणून लॅक्टुलोजचं पातळ औषध दिवसाला दोन-तीनदा शौचाला होईल इतकं घ्यायचं. मटण हवंच असेल तर अधूनमधून, चरबी काढलेलं, दोन-तीन फोडी, नीट शिजलेलं.

कडक नियम मात्र मिठाचा होता. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट लहान चमचा, आणि त्यात सगळं आलं. पाणी मिठाच्या मागं जातं, पोटात भरतं. म्हणजे खरा शत्रू तांबड्या रश्श्यातलं मटण नव्हतं. शत्रू होतं त्या रश्श्यातलं मीठ, मिठात मुरलेली चटणी, पापड, लोणचं, सुकट, फरसाण. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठही नको, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि पाणी उतरवणाऱ्या काही गोळ्या पोटॅशियम आधीच अडवून धरतात. कच्चं किंवा अर्धकच्चं काहीही नको, कोकणात गेलात तर कालवं तर अजिबात नकोत, कारण अशा शरीरात जंतू पसरायला वेळ लागत नाही. इथं तात्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध त्यात आलं. दूध प्या, पण उकळून.

शेवटचा नियम काकींच्या श्रद्धेच्या आड येणारा होता: उपास नाही. निरोगी माणसाच्या शरीरात दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानंतर जे घडतं, ते सिरोसिसच्या माणसात एका रात्रीत घडतं. यकृतात साठा उरलेला नसतो, मग पहाटेपर्यंत शरीर स्नायू जाळायला लागतं. म्हणून झोपण्याआधी काहीतरी खायचं आणि सकाळी उठल्याबरोबर काहीतरी खायचं. काकींनी तात्यांच्या नावानं नवरात्राचे नऊ दिवस आणि शनिवार धरायचं ठरवलं होतं. डॉक्टर हसून म्हणाले, 'तुम्ही धरा, त्यांना धरू देऊ नका.' काकींनी ते अंबाबाईला सांगून टाकलं.

त्यानंतर घरातलं स्वयंपाकघर परत सुरू झालं असंच म्हणावं लागेल. काकींनी घरी बिनमिठाची कांदा-लसूण चटणी कुटली आणि चव आणायला लिंबू, आमसूल, कोथिंबीर, भाजलेलं जिरं यांना कामाला लावलं. सकाळी अंडी, मग मुगाची उसळ, दुपारी घट्ट वरण आणि दही, संध्याकाळी बिनमिठाचे शेंगदाणे, रात्री दहाला दुधातली नाचणीची खीर. तात्या ती खीर खाताना म्हणायचे, 'तालमीत बी इतकं न्हवतं.' काही महिन्यांत मांड्यांना जरा भर आली. ते सकाळी तालमीपर्यंत चालत जाऊ लागले आणि कट्ट्यावर बसून पोरांच्या चुका काढू लागले. आजार बरा झाला नव्हता, होणारही नव्हता. यकृत बदलणं हा एकच खरा उपाय होता, आणि वय व खर्च पाहून तात्यांनीच तो नाकारला होता. पण जे दिवस मिळाले ते त्यांना आपल्या अंगात राहून मिळाले.

२०१९ च्या आषाढात गल्लीचं जेवण होतं. तात्या चुलवणाजवळ खुर्ची टाकून बसले. काकींनी त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात बिनमिठाचं मटण शिजवलं होतं. ताटात मटणाच्या दोन फोडी, भाकरी, पांढऱ्या रश्श्याची अर्धी वाटी, मोठी वाटी दही. तात्यांनी पहिला घोट घेतला आणि काकींकडं पाहून मान हलवली. त्यानंतर तिसऱ्या रात्री ते बरळायला लागले. मला त्यांनी त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली, आणि संडासाचा दरवाजा समजून देवघरासमोर उभे राहिले. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत गाडीत कुणीतरी म्हणालं, 'मटण भोवलं.' काकी मागच्या सीटवर होत्या.

दवाखान्यात पोटातलं पाणी तपासलं, त्यात जंतुसंसर्ग निघाला. तीन दिवस पोटही साफ नव्हतं, कारण पाहुण्यांच्या गर्दीत लॅक्टुलोजची बाटली संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, गुंगी आली ती या दोन कारणांनी, त्या दोन फोडींनी नाही. अँटिबायोटिक लागलं, पोट साफ झालं आणि चौथ्या दिवशी तात्यांनी काकींना विचारलं, 'जेवलीस का?' पण डॉक्टरांचं ते बोलणं पुरुषांनी बाहेरच्या ओसरीत ऐकलं होतं. काकींपर्यंत ते पोचेस्तोवर गल्लीनं निकाल दिला होता.

पुढं महापूर आला. हायवे कित्येक दिवस पाण्याखाली, पुण्याला जायची सोय नाही, दुधाची आणि पेट्रोलची टंचाई. तात्या त्यातूनही तगले. त्या वर्षाअखेरीला कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं, तेव्हा ते पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, 'कोल्हापूरकर पाण्यासाठी भांडणार न्हाई, मटणासाठी भांडंल.' २०२० च्या माघात पुन्हा संसर्ग झाला, मूत्रपिंडांनी साथ सोडली आणि तात्या गेले.

सुतकात भेटायला येणाऱ्या बायका काकींसमोर बसून उसासे टाकायच्या आणि उठताना दारात बोलायच्या: पथ्य पाळलं असतं तर अजून चार वर्षं काढली असती. वाढलंच कशाला? काकींनी उलटून उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्यांनी स्वतः मटण सोडलं. कुणी विचारलं तर म्हणतात, मानवत नाही.

मागल्या वर्षी माझ्या सोनोग्राफीत पहिल्या पायरीचं फॅटी लिव्हर निघालं. दारू नाही, विषाणू नाही, बसून काम आणि सुटलेलं पोट. माझ्या डॉक्टरांनी वजन सात ते दहा टक्के उतरवायला सांगितलं. साखर, तळणं, मैदा कमी करा, तांबडं मटण आणि सॉसेज-सलामीसारखे प्रकार क्वचित खा, चाला. म्हणजे एकाच अवयवाच्या दोन दुखण्यांना दोन उलटे नियम. मला खाणं कमी करायला सांगितलं आणि तात्यांना वाढवायला. आमच्या घरी आलेला तो पुसट कागद या दोघांत फरक करत नव्हता. त्या कागदाच्या झेरॉक्स अजूनही फिरत असतील, आता त्या मोबाइलवरून फिरतात.

म्हणून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. २००१ च्या आधी ज्यांना रक्त चढवलं असेल त्यांनी हेपेटायटिस सीची तपासणी एकदा करून घ्यावी. साधी रक्ततपासणी आहे आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दुसरी गोष्ट, घरात यकृताचा रुग्ण असेल तर डॉक्टरांकडं जाताना स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बरोबर न्या. काय बंद करायचं एवढंच विचारून उठू नका, त्या जागी काय वाढायचं आणि किती, तेही विचारून घ्या. आणि डॉक्टर जे सांगतील ते सगळ्यात आधी त्यांना सांगा, कारण पथ्य चुकलं असं उद्या कुणी म्हणालं तर बोट त्यांच्याकडंच दाखवलं जाणार आहे. आमच्या काकींनी तात्यांना उपाशी मरू दिलं नाही. तात्या गेले ते सिरोसिसनं. मटणाच्या त्या दोन फोडींचा त्यात काही संबंध नाही.